देवघरात ठेवलेला लॅपटॉप

तीर्थरूप अण्णा,

साष्टांग नमस्कार आत्ताच लिहीत नाही. आधी भांडायचं आहे. भांडून झाल्यावर जमलं तर नमस्कार करीन.

आज खंडेनवमी. म्हणजे उद्या दसऱ्याला तुम्हाला जाऊन तिथीनं वर्ष होईल. सकाळपासून आपल्या बनशंकरीच्या कानडी गल्लीत स्कूटरी धुणं चाललंय, कोपऱ्यावर कोहळ्यांचा ढीग लागलाय आणि समोरच्या पिठाच्या गिरणीला केळीचे खुंट बांधलेत. गल्लीतलं प्रत्येक यंत्र आज सुट्टीवर आहे. आणि मी तुमचा लॅपटॉप उघडून बसलेय. आज यंत्राला हात लावायचा नाही हा नियम तुमचाच. तो मोडायलाच बसलेय.

तुम्ही लिहायचात तसंच लिहितेय, इंग्रजी अक्षरांत मराठी, आणि त्याच पानावर, तुमच्या शेवटच्या ओळीच्या खाली. ती ओळ मी पुसलेली नाही. वर्षभर हे पान उघडायचा धीर होत नव्हता. आज केला, कारण मशीन आता आतून आवाज करायला लागलंय आणि ते पुढच्या नवमीपर्यंत चालेल असं मला वाटत नाही.

हे घरात कसं आलं ते आठवतं तुम्हाला? तेवढं आधी लिहू द्या. त्या भागात माझी चूक जरा कमी आहे.

त्याच्या आदल्या दिवाळीत तुमची जीभ पहिल्यांदा अडखळली. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत, आपल्या शेडमध्ये वीस वर्षं लेथच्या वर आवाज चढवून बोललेला माणूस, आणि 'वत्सला' म्हणताना पहिल्याच अक्षराला थांबला. मी हसले होते. चकलीचा तुकडा अडकला असेल म्हणाले होते. महिन्याभरानं डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. त्यातलं मला समजलं ते एवढंच, की नसा एकेक करून काम सोडणार. आधी बोलणं, मग हात, मग गिळणं. औषध आहे म्हणाले, पण त्याचा उपयोग होईल असं काही म्हणाले नाहीत.

तुमचा आवाज गेला तेव्हा तुम्ही पाटी मागवलीत. शाळेतल्या पोराची असते तशी, लाकडी चौकटीची. तिच्यावर तुम्ही मला हुकूम सोडायचात. 'पंखा कमी.' 'पेपर कुठे.' 'तुझ्या साहेबाला सांग, बापाला वेळ लागतो.' मग हात ढिला पडायला लागला आणि अक्षरं पाटीवरून खाली घसरायला लागली. माझ्या ऑफिसात सगळे मला विचारतात, कुणाचंही अक्षर तुम्हाला कसं लागतं? पंचवीस वर्षं दुसऱ्यांचं खरडलेलं टाइप करून पोट भरलंय मी. पण तुमची पाटी मला लागेनाशी झाली. मी तीन-तीनदा विचारायची आणि तुम्ही चिडून पाटी पालथी घालायचात.

तेव्हा मधुरा म्हणाली. वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी आपली पुण्याची मधुरा, रोज सकाळी इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बसमागे धावणारी. "वत्सलाताई, काकांना लॅपटॉप घ्या ना. बेडवरच ठेवता येईल, एका बोटानं टाइप करतील. डेस्कटॉप नको, त्यासाठी टेबलापाशी जावं लागतं, आणि तुमच्याकडे रोज लाइट जातात." लॅपटॉप मी तोवर एकदाच पाहिला होता, मद्रासहून आलेल्या एका साहेबाच्या हातात. त्यानं तो कडेवरच्या मुलासारखा धरला होता. नव्याची किंमत मधुरानं सांगितली, लाखाच्या वर. मी म्हटलं, त्यापेक्षा मी अण्णांची खूणभाषा शिकते.

तुम्ही सगळं ऐकत होता. पाटी ओढून घेतलीत आणि वाकडेतिकडे दोन शब्द काढलेत. 'लेथ विक.'

बाकीची मशिनं गेली होतीच. तो एक जुना लेथ तुम्ही ठेवला होता, तुमचा पहिला. मला वाटलं, तो तुमच्या मागे आम्ही विकावा अशी तुमची इच्छा असेल. विचारलंही. तर तुम्ही लिहिलंत, 'एक मशीन जाईल, एक येईल.' वाईट वाटलं नाही का हो तुम्हाला? मला वाटलं. न्यायला आले त्या दिवशी मी मुद्दाम ऑफिसला गेले होते.

लेथचे आले त्यातले औषधाला ठेवून अठ्ठावीस हजार उरले. तेवढ्यात बसेल तो लॅपटॉप. निघताना तुम्ही पाटीवर प्रश्न काढून दिलेत. ते तुमच्या हातचं शेवटचं लिहिणं. ती पाटी मी धुतली नाही, खिळ्याला टांगलीय. 'लाइट गेल्यावर किती वेळ? बटण किती जड? वजन? मोडलं तर कोण?' बस्स. वेग, रंग, नाव, काही नाही. तुम्ही जुनी मशिनं अशीच घ्यायचात. आधी कशासाठी हवंय ते ठरव, मग बाकीचं सगळं नको म्हण.

एस. पी. रोडला मी आणि मधुरा चार शनिवार गेलो. वरच्या मजल्यावर नागराजचं दुकान, खाली वायरींची भेंडोळी आणि वर परदेशातून आलेले वापरलेले लॅपटॉप, कपाटात उभे रचलेले. मधुराचा जीव एका रंगीत पडद्याच्या मशिनवर बसला. "ताई, हा फास्ट आहे, कलर पण आहे. तो ब्लॅक अँड व्हाइट एकदम आउटडेटेड." मी म्हटलं, "त्यांना सिनेमा बघायचा नाही, मधुरा." नागराजनं रंगीतची वायर उपटून दाखवली आणि पडदा दहा मिनिटांत काळा झाला. "बॅटरी स्वल्प वीक, अक्का," तो म्हणाला, जसं काही तो पाहुण्याच्या तब्येतीबद्दल सांगत होता.

दुसरा दिसायला कोरा होता, पण बटणं दगड. मी डोळे मिटून दोन ओळी टाइप केल्या आणि माझीच करंगळी दुखली. तिसरा करड्या रंगाचा, अर्ध्या बटणांवरची अक्षरं उडालेली, पडदा काळापांढरा, चालू व्हायला इतका वेळ की तेवढ्यात चहा व्हावा. पण बटणं लोण्यासारखी, बॅटरी दीड तास, आणि वजन मला एका हातानं उचलता येईल इतकं. मोडलं तर नागराज स्वतः बघणार. तुमच्या चारही प्रश्नांना तो एकटा पास झाला होता.

मग तो मी पहिल्याच शनिवारी का नाही घेतला?

हे माझ्या डोक्यातून जात नाही. मी म्हटलं, आणखी दोन दुकानं बघू. मग म्हटलं, पुढच्या महिन्यात माल उतरेल, भाव पडेल. मग मधुराच्या ऑफिसातल्या कुणी सांगितलं, जुना घेऊच नका. आम्हा टायपिस्ट बायकांना चूक झाली की कागद बदलायची सवय. इथे कागद एकच होता, म्हणून मी हातच उचलेना. शेवटी दगडापेक्षा वीट मऊ म्हणत घेतला तो तोच, करडा, त्याच भावात. मधल्या दीड महिन्यात तुमच्या हातातून पाटीची पेन्सिल कायमची सुटली होती. दीड महिना तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, आणि मी दुकानं बघत होते.

आणला त्या दिवशी तुम्ही काय केलंत! मी तो पलंगावरच्या फळीवर ठेवला, चालू केला, आणि तुम्ही पडद्याकडे बघितलंच नाही. डोळ्यांनी कानाकडे खूण केलीत. मला कळेना. मधुरा म्हणाली, "काकांना ऐकू येत नाहीये का?" मग मला आठवलं. जुनं मशीन घेताना तुम्ही स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचात आणि मूठ कानाला लावायचात. मी लॅपटॉप उचलून तुमच्या कानाशी धरला. आतली चकती बारीक गुणगुणत होती. तुम्ही बराच वेळ ऐकलंत आणि एकदा डोळे मिटलेत. एकदा म्हणजे हो, तोंड फिरवलं म्हणजे नाही, असं आपलं ठरलं होतं.

पहिलं वाक्य टाइप करायला तुम्हाला पाव तास लागला. लिहिलं होतं, 'उप्पिटात मीठ जास्त.' त्यातल्या प्रत्येक अक्षराच्या सहा-सात प्रती, कारण बटणावरचं बोट तुम्हाला वेळेवर उचलता येत नव्हतं. मधुरानं आत कुठेतरी काहीतरी बदललं आणि ते थांबलं. मिठाची तक्रार मात्र थांबली नाही.

दोन महिने तुम्ही बोललात, अण्णा. रोज सात-आठ ओळी. दूधवाला पाणी घालतो. मधुरानं रात्रीच्या बसनं येऊ नये. शेडची किल्ली अजून माझ्या पँटच्या खिशात आहे, परत दे शेडच्या मालकांना. मी मोठ्यानं वाचायची आणि तुम्ही डोळे मिटून पसंती द्यायचात. आणि एका संध्याकाळी, मी कणीक मळत असताना, तुम्ही लिहिलंत, 'आई गेली तेव्हा मी रडलो नाही, कारण तू बघत होतीस.' आईला जाऊन तेरा वर्षं झाली, पण आवाज असताना हे तुम्ही कधी बोलला नाहीत. कणकेच्या हातानं मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. तेव्हापासून प्रत्येक ओळीच्या मागे आणखी काय दडलंय याची मला ओढही लागली आणि भीतीही.

मग नवरात्रात डॉक्टर घरी आले. तुमच्या उशाशी उभे राहून म्हणाले, आता गिळणं जाईल, पोटातून नळी घालावी लागेल, नाहीतर फार दिवस नाहीत. "त्यांना विचारून ठरवा आणि सांगा." तुम्ही ऐकलंत. मी ऐकलं. मी तुम्हाला विचारलं नाही. चार दिवस मी पंखा, चहा, पाऊस, सगळ्याबद्दल बोलले.

अष्टमीच्या संध्याकाळी तुम्ही टाइप करायला लागलात आणि मधेच थांबलात. पडद्यावर होतं, 'महत्त्वाचं आहे. हात दमला. उद्या सांगतो.' मी वाचलं, सवयीनं कानडीत "सरी, बरं, उद्या," म्हटलं आणि झाकण लावलं.

उद्या म्हणजे नवमी होती.

आता त्या बेकरीवाल्याची गोष्ट काढते, नाहीतर हे भांडण अपुरं राहील. मी वीस वर्षांची होते. शेडमध्ये पूजा झालेली, लेथवर कुंकू, दारात फोडलेला कोहळा, मी कडलेपुरीच्या, चणे-चुरमुऱ्यांच्या, पुड्या बांधत होते. एक बेकरीवाला त्याच्या यंत्रातली तुटलेली पिन घेऊन धावत आला. दसऱ्याची ऑर्डर अडकलीय, दुप्पट देतो, अर्ध्या तासाचं काम. तुम्ही मेन स्विचची किल्ली खिशात टाकलीत आणि म्हणालात, "आज नाही. उद्या ये." तो गेला आणि पुन्हा कधी आला नाही. घरी येताना बसमध्ये मी तुमच्याशी वाद घातला. तुम्ही म्हणालात, "वत्सला, वर्षभर मशीनमधल्या देवीनं आपल्याला कधी नाही म्हटलंय का? एक दिवस तिचा." मला ते फार आवडलं होतं. वर्षानुवर्षं मी ते लोकांना सांगत आले.

तर नवमीला सकाळी मी लॅपटॉप मऊ फडक्यानं पुसला, झाकणावर कुंकवाचं बोट ओढलं, शेवंतीचं फूल ठेवलं आणि देवघरात पाटावर मांडला. घरात राहिलेलं तुमचं ते एकच मशीन. तुम्ही पलंगावरून बघत होता. तुमचं ते एक बोट चादरीवर हलत होतं, वर-खाली, वर-खाली. दुपारीही हलत होतं. तुम्ही देवघराकडे बघत होता, माझ्याकडे बघत होता, पुन्हा देवघराकडे. मी जवळ येऊन म्हटलं, "एक दिवस तिचा, अण्णा. तुमचाच नियम ना? उद्या सकाळी पहिलं तेच." तुम्ही डोळे मिटलेत. एकदाच. पण आरती होईपर्यंत उघडले नाहीत.

संध्याकाळी मधुरा प्रसादाला खाली आली. देवघराकडे बघून म्हणाली, "ताई, पण ते मशीन थोडंच आहे? ते काकांचं बोलणं आहे ना?" मी तिच्यावर खेकसले. "तुमच्या पुण्यात चालत असेल. आमच्या घरात मशीनचा मान ठेवतात." ती कडलेपुरी घेऊन वर गेली.

दसऱ्याला सकाळी सहाला मी दूध तापत ठेवलं, देवघरातून लॅपटॉप उचलला, कुंकू पुसलं आणि तुमच्या फळीवर ठेवून चालू केला. तो चालू होईपर्यंत तुम्हाला हाक मारली. तुमचा हात थंड होता. पडदा उजळला आणि त्यावर तीच ओळ आली. दूध उतू गेल्याचा वास येईपर्यंत मी तिथेच उभी होते.

सगळ्यांना मी सांगितलं, अष्टमीची ओळ माझ्या लक्षातच राहिली नाही, सणाच्या गडबडीत विसरले. मधुरालाही तेच सांगितलं. ती माझा हात धरून रडली.

खोटं आहे ते. मी विसरले नव्हते. फूल ठेवताना, पाट मांडताना, प्रत्येक वेळी मला ती ओळ आठवत होती. तुम्ही नळी नको म्हणणार असं माझ्या मनानं धरलं होतं. 'नको' हा शब्द त्या पडद्यावर मला वाचायचा नव्हता, तोही स्वतःच्या तोंडानं, मोठ्यानं. सणाच्या दिवशी नको, एवढा एक दिवस नको, असं मी स्वतःला समजावलं. तुमचा नियम हाताशी होता, तो मी पुढे केला. तुमच्या देवीच्या आड मी लपले, अण्णा.

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. लेथ विकून तुम्ही बोलणं विकत आणलंत, आणि मी ते कुंकू लावून बंद केलं.

आणि आता सगळ्यात वाईट काय ते सांगू? तुम्ही नको म्हणणार होता हे मला कुठे माहीत आहे? कदाचित तुम्ही हो म्हणणार होता. कदाचित लिहिणार होता, घाला नळी, मला अजून जगायचं आहे, बोलावून घे डॉक्टरला. दिवसभर ते बोट कशासाठी हलत होतं? कदाचित नळीचा काही संबंधच नसेल, शेडच्या किल्लीचं असेल, आईचं आणखी काही असेल. वर्षभर मी रोज एक वाक्य तुमच्या तोंडी घालून बघते. सगळी बसतात. आणि तुम्ही तरी तोंड का नाही फिरवलंत? एकदा नाही म्हणायचं होतं मला! माझ्या हट्टापुढे तुम्ही जन्मभर कधी गप्प बसला नाहीत, त्याच दिवशी का बसलात?

उत्तर येणार नाही, ठाऊक आहे मला. मधुरानं हे पान फ्लॉपीवर उतरवून दिलंय. म्हणाली, मशीन गेलं तरी काकांचं लिहिलेलं राहील. राहील. पण जे लिहिलं नाही ते कुठल्या फ्लॉपीवर घेऊ?

आज सकाळी मी लॅपटॉप कानाला लावून बघितला, तुमच्यासारखा. गुणगुण गेलीय. मधेमधे खरखरतंय, थांबतंय, पुन्हा फिरतंय. नागराजकडे नेला होता. तो म्हणाला, "अक्का, याचे पार्ट आता येत नाहीत. ठेवा तसाच." पडद्यावर उजव्या बाजूला एक काळी उभी रेघ आलीय आणि ती दर आठवड्याला जाड होतेय. दुरुस्त करून काय करणार म्हणा.

नवस-बिवस मला जमत नाही. एक शब्द देते. दर खंडेनवमीला हे मशीन तुमच्या फळीवर उघडून ठेवीन, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. कुंकू लावणार नाही, फूल ठेवणार नाही. चालू झालं तर तुमचं पान काढीन. चालू झालं नाही तरी झाकण उघडं ठेवीन आणि समोर बसून राहीन. तुम्ही काही सांगणार नाही. तरी त्या दिवशी मी कुठेही जाणार नाही, कणीक मळायलासुद्धा उठणार नाही.

नमस्कार राहिलाय. तो आत्ताच करते, उद्यावर ठेवत नाही.

तुमची,
वत्सला